घारापुरीचा महोत्सव आणि साडेपाचची लाँच

गेटवेवरून घारापुरीला जायला लाँचला तासभर लागतो. परतीची शेवटची लाँच बेटावरून साधारण साडेपाचला सुटते. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. आणि फेब्रुवारीत मुंबईत सूर्य मावळतो साडेसहाच्या जरा पुढे. एलिफंटा महोत्सवाची सगळी अडचण एवढ्यात आली: महोत्सव रंगतो संध्याकाळी, आणि बेट रिकामं होतं तेही संध्याकाळीच.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हा महोत्सव १९८९ मध्ये सुरू केला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८७ मध्ये, लेण्यांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं होतं. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि जवळच दीड हजार वर्षांपूर्वीची शिल्पं, अशी ती कल्पना. कागदावर याहून सुंदर काही सुचणं कठीण. तरीही मधल्या काही वर्षी हा महोत्सव बेटावर न भरता गेटवे ऑफ इंडियापाशी भरला. नाव एलिफंटाचं, लेणी मात्र दहा-अकरा किलोमीटर पाण्यापलीकडे. गेटवेवरचा कार्यक्रम वाईट होतो असं नाही. पण तिथे तो हिवाळ्यातल्या मुंबईच्या असंख्य कार्यक्रमांपैकी आणखी एक होतो, आणि मग एलिफंटा हे नाव लावायचं कशाला, हा प्रश्न उरतोच.

इथे मी एकच गोष्ट तपासून पाहतो आहे. जुन्या संगीताचा आणि वारशाचा दोन दिवसांचा महोत्सव घारापुरीवरच ठेवायचा, तर तो बेतायचा कसा? माझं मत आधीच सांगून टाकतो. तो दिवसा करावा. आणि बोटीच्या सोयीसाठी नाइलाजाने म्हणून नव्हे, संगीताच्या फायद्यासाठी.

रात्रीचा हिशोब

समजा सहाशे श्रोते आहेत. एका लाँचमध्ये ऐंशी माणसं धरू. म्हणजे आठ लाँच. कार्यक्रम नऊला संपला. लेण्यांपासून खाली यायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, त्या अंधारात उतरायच्या, सोबत म्हातारी माणसं आणि पेंगुळलेली पोरं. पायऱ्यांच्या तळापासून लाँच लागते त्या टोकापर्यंत बरंच चालायचं, कारण या बाजूला समुद्र उथळ आणि गाळाचा, म्हणून जेट्टी लांबच लांब. दिवसा तिथे छोटी आगगाडी धावते, तिच्यात एका खेपेला बसतात किती? पहिला श्रोता धक्क्यावर पोचेपर्यंत साडेनऊ. एकेक लाँच लागणार, लाइफ जॅकेटं घालून माणसं चढणार, लाँच सुटणार, मग दुसरी लागणार. प्रत्येकीला दहा मिनिटं दिली तरी शेवटची सुटायला जवळपास अकरा. तिच्यातला माणूस गेटवेला उतरतो बाराच्या ठोक्याला. तो कल्याण-डोंबिवलीचा असेल तर पुढच्या वर्षी येणार नाही. कलाकारांचं, वाद्यांचं आणि साउंडवाल्यांच्या पेट्यांचं तर मी अजून धरलेलंच नाही.

हा हिशोब सगळं सुरळीत झालं तर. वाटेत मुंबई बंदराची वर्दळ आहे. बेटाच्या एका अंगाला जवाहर द्वीपाचा तेलाचा धक्का, दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवा. ते बंदर सुरू झालं १९८९ मध्येच, म्हणजे महोत्सव आणि कंटेनरची जहाजं एकाच वर्षी या पाण्यात आली. जहाजं वाढत गेली, लाँच होत्या तशाच लाकडी राहिल्या. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीकडे निघालेल्या एका प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ माणसं गेली. तेव्हा दुपार होती, लख्ख उजेड होता, आसपासच्या बोटी मदतीला धावल्या. अशा पाण्यातून रात्री अकराला आठ लाँच रांगेने आणायच्या, तर परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने सही करताना दहादा विचार केला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

महोत्सव गेटवेला नेण्याची कारणं त्या त्या वर्षी काहीही सांगितली गेली असोत, मला हा हिशोब पुरेसा वाटतो. संध्याकाळचा महोत्सव बेटावर ठेवायचा तर तो लहान होत जाणार, नाहीतर महागडा, नाहीतर धोक्याचा. चौथा मार्ग तो किनाऱ्याला आणण्याचा. चूक आयोजकांच्या उत्साहात नव्हती. त्यांनी मंच आधी ठरवला आणि लाँच नंतर, एवढंच.

तिथी बघून तारीख

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाला भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे ती पाच-सहाच्या सुमारास. मिनिटं इकडेतिकडे होतात, पण बेत आखायला एवढं पुरतं.

आता हे महोत्सवाला लावा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतलं अंतर चार-पाच मीटरपर्यंत जातं. त्या दिवसांत पाणी सगळ्यात खाली जातं ते नेमकं संध्याकाळी, लोक परतीला लागतात तेव्हा. लाँचचा काठ आणि धक्क्याची पायरी यांच्यात केवढा फरक पडतो आणि साडी नेसलेल्या आजींना तिथून खाली उतरवताना काय होतं, ते गेटवेवर उभं राहून कुणीही पाहू शकतं. चांदण्या रात्रीचा महोत्सव ऐकायला छान वाटतो, पण पौर्णिमेचा चंद्र येताना उधाण घेऊन येतो. महाशिवरात्र तर माघ वद्य चतुर्दशीची. शंकराचं लेणं आणि शंकराचा दिवस, हा मोह आयोजकाला होणारच. पण त्या दिवशी बेटावर आधीच गर्दी असते, ओहोटी ऐन साडेचार-पाचला येते, आणि उधाण तर आहेच.

अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरलेलं असतं. षष्ठी ते दशमी यांत जो शनिवार-रविवार सापडेल तो धरावा. शुक्ल आणि वद्य असे दोन पक्ष हाताशी असल्यामुळे फेब्रुवारीत तो सहसा सापडतो. हे बोट चालवणाऱ्या कुठल्याही तांडेलाला विचारलं तर तो चहा संपायच्या आत सांगेल. महोत्सवाची तारीख मात्र ठरते मंत्रालयातल्या कॅलेंडरवर, आणि त्यावर तिथी छापलेली असली तरी ती कुणी त्यासाठी बघत नाही.

सकाळचे राग कुठे गेले?

आता मूळ मुद्दा. युरोपात अर्ली म्युझिक म्हणतात ते साधारणपणे मध्ययुगापासून बरोकपर्यंतचं संगीत, त्या त्या काळच्या वाद्यांवर आणि शक्यतो त्या काळच्या इमारतींत वाजवलेलं. घारापुरीला तसं जुळवायला गेलो तर पंचाईत होते. मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचं मानलं जातं, आणि त्या काळचं असं काहीच आज वाजवता येत नाही. आपल्या हिंदुस्तानी संगीतात अखंड परंपरेने गायला जाणारा सगळ्यात जुना प्रकार ध्रुपद, आणि त्याची घडण सांगतात ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमरच्या दरबारापासून, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून. लेणं आणि ध्रुपद यांच्यात सहज नऊशे वर्षं आहेत. ‘प्राचीन लेण्यात प्राचीन संगीत’ ही जाहिरात म्हणून ठीक आहे, इतिहास म्हणून नाही.

तरी घारापुरीला ध्रुपदच शोभेल असं मला वाटतं, आणि त्याची कारणं साधी आहेत. एक तानपुरा, एक पखवाज, एक गायक किंवा बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारा. मोठा वाद्यमेळ नाही, भिंतीएवढे स्पीकर नाहीत, दिव्यांचा खेळ नाही. सगळं सामान एका लाँचमध्ये मावतं. शिवाय परंपरा अगदी शेजारची आहे. रुद्रवीणेला एकल वाद्य म्हणून पुन्हा उभं करणारे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर पनवेलजवळ पळस्प्याला राहिले. वीणेचे तुंबे मोठे करून, दांडी जाड करून त्यांनी तिचा खर्ज खोल केला. १९९० मध्ये ते गेले. त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर ती बीन पुढे वाजवत आहेत. पळस्पेही रायगड जिल्ह्यात आणि घारापुरीही, उरण तालुक्यात. परदेशातले शिष्य ज्या गावी शिकायला आले, ते गाव आणि हे बेट यांच्यामध्ये फक्त पनवेल-उरणची खाडी आहे.

आणि वेळ. आपल्या मैफली संध्याकाळी होतात, कारण लोक कामावरून सुटतात तेव्हा. याचा परिणाम असा की यमन, पूरिया, बागेश्री, मालकंस आपल्या कानांत मुरलेले आहेत, आणि तोडी, आसावरी, सारंग, भीमपलास, मुलतानी हे राग समोर बसून ऐकायला मिळतात क्वचित. सवाई गंधर्वच्या रविवारच्या सत्रात किंवा एखाद्या प्रभातफेरीवजा मैफलीत मिळाले तर मिळाले. दिवसाच्या चार प्रहरांतला दुसरा, तिसरा आणि चौथा मंचावर जवळजवळ अनाथ आहे.

घारापुरीचं लाँचचं वेळापत्रक या तीन प्रहरांवर बरोबर बसतं. पहिली लाँच गेटवेवरून नऊला, बेटावर दहाला. पायऱ्या चढून, पाणी पिऊन पावणेअकराला आलाप सुरू झाला तर तोडीची वेळ आहे. जौनपुरीची आहे. बाराच्या सुमारास वृंदावनी सारंग. मग सुट्टी, जेवण, फिरणं. पावणेतीनला पुन्हा बैठक: भीमपलास, मग मुलतानी. मुलतानीचा आलाप, मग ‘जोड’ आणि ‘झाला’ हे वाढत्या लयीचे टप्पे, आणि मागून चौतालातली, म्हणजे बारा मात्रांच्या तालातली, एक रचना. सव्वाचारला उठायचं. साडेचार-पावणेपाचपासून लाँच भरू लागतील, पाणी चढतं असेल, उजेड भरपूर असेल. सहाशे माणसं सहाच्या आत बेटाबाहेर आणि सातच्या आत गेटवेला. भैरव मात्र या हिशोबात बसत नाही. एवढं सोसावं लागेल.

उजेड पाहून तारीख धरणं नवं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर १९७७ मध्ये संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट मॅग्नस महोत्सव सुरू केला, तो जूनच्या अखेरीस ठेवून. तिथे त्या दिवसांत रात्र म्हणावी अशी रात्र होतच नाही. त्यांना सूर्य मिळाला रात्रीपर्यंत. आपल्याला राग मिळतात दिवसभर.

लेण्याच्या आत नाही

मंच कुठे मांडायचा यावर वाद होऊ शकतो, आत मांडायचा की नाही यावर होऊ नये. संरक्षित स्मारकात सभा, समारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, हे १९५९ च्या नियमांत आहे. पण परवानगी मिळते म्हणून करावं असंही नाही. शनिवार-रविवार हे बेटावरचे सगळ्यात गर्दीचे दिवस. सदाशिवाची ती साडेपाच मीटरहून उंच मूर्ती बघायला नाशिकहून आलेल्या कुटुंबाला ‘आज इथे मैफल आहे’ असं सांगून बाहेर थांबवणं हा वारशाचा कसला महोत्सव? मंडप लेण्यांपासून बाजूला, झाडांच्या सावलीत असावा. मांडव बेताचा, ध्वनिक्षेपण फक्त श्रोत्यांपुरतं.

(माकडांचा बंदोबस्त हा वेगळा विषय आहे. घारापुरीच्या माकडांना पाण्याची बाटली उघडता येते. तंबोऱ्याच्या भोपळ्याशी त्यांची ओळख करून देऊ नये.)

वीज हा पूर्वी मोठा खर्च होता, आता नाही. फेब्रुवारी २०१८ पर्यंत बेटाला कायमची वीजच नव्हती. गावकऱ्यांना जनरेटरवर संध्याकाळचे तीनेक तास उजेड मिळे. मग समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली. म्हणजे महोत्सवाची पहिली जवळजवळ तीस वर्षं जे काही दिवे लागले ते डिझेलवर. त्या काळात रोषणाई केलेल्या बेटाचे फोटो बघताना मला नेहमी प्रश्न पडतो, की फोटोच्या चौकटीबाहेरच्या घरांत दहा वाजता काय दिसत असेल. रुद्रवीणेसारखं हळू आवाजाचं वाद्य आणि मागे घरघरणारा जनरेटर हे जमणंही शक्य नव्हतं. आता जमेल.

मधले दोन तास

दुपारची सुट्टी हा या आराखड्यातला सगळ्यात कच्चा भाग वाटेल. मला तो सगळ्यात भरीव वाटतो. बेटावर तीन गावं आहेत, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. वस्ती हजार-बाराशेची. पर्यटक शेतबंदरला उतरतो, टपऱ्यांच्या रांगेतून वर जातो, लेणी बघतो, त्याच रांगेतून खाली येतो. राजबंदर आणि मोराबंदर त्याला दिसतच नाहीत. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत, बौद्ध लेणी आहेत, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. मुख्य लेण्यांच्या वर तोफा आहेत, तिथपर्यंत मात्र बरेच जण जातात, फोटोसाठी.

सहाशे माणसं एकदम जेवायला उठली तर शेतबंदरच्या टपऱ्या बुडतील. त्यांना तिकिटाच्या रंगाने तीन वाटांना लावावं. एक गट मुख्य लेण्यात राहील. जाणकार माणूस सोबत असेल तर प्रवेशाजवळचा नटेश आणि त्याच्यासमोरचा लकुलीश, म्हणजे योगी रूपातला शिव, यांपासून सुरुवात करून कैलास हलवणाऱ्या रावणापर्यंत तासभर सहज जातो. पोर्तुगिजांनी इथला शिलालेख उचलून नेला आणि तो हरवला, म्हणून हे कुणी खोदवलं ते आज खात्रीने सांगता येत नाही, ही गोष्ट तर तिथेच उभं राहून ऐकायची. दुसरा गट स्तूपाकडे. तिसरा मोराबंदरला, जिथे व्यापाराच्या काळातल्या रोमन मद्यकुंभांच्या खापऱ्या सापडल्या आहेत. जेवण तिन्ही गावांतल्या महिला बचत गटांनी करावं, तांदळाच्या भाकऱ्या आणि जे त्या दिवशी असेल ते. त्यासाठी गावांना आधी विचारावं लागेल आणि आगाऊ पैसे द्यावे लागतील. दोन दिवसांच्या गर्दीसाठी तांदूळ, गॅस आणि गोडं पाणी बेटावर आणायचं तर कुणीतरी आधी खिशात हात घालतोच. तो बचत गटाचा नसावा.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो या फेरीत कुठेच दिसणार नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत क्रेन तुटली, तुकडे झाले, आणि १९१४ मध्ये ते भायखळ्याच्या आजच्या जिजामाता उद्यानात पुन्हा जोडले गेले. शुक्रवारी संध्याकाळी, महोत्सवाची पूर्वसंध्या म्हणून, भायखळ्याला हत्तीसमोर एक व्याख्यान ठेवता येईल. संध्याकाळचा कार्यक्रम करण्याची हौस तिथे भागवावी.

कोण नाही म्हणेल

पहिला विरोध प्रायोजकांचा. उजळलेल्या डोंगराचा फोटो नाही, तर फलक दिसणार कशात? दुसरा उद्घाटनाचा. सकाळी नऊची लाँच पाहुण्यांना झेपेल का? माझ्या मते उद्घाटन गेटवेवर, लाँच सुटण्याआधी पाच मिनिटांत आटपावं. लाँच भाषणासाठी थांबणार नाही, हा तिचा गुण आहे. तिसरा विरोध खरा आहे, उन्हाचा. फेब्रुवारीतली दुपार तीस अंशांच्या वर जाते. म्हणून दुपारी पाऊण ते पावणेतीन मंडपात कुणाला बसवायचं नाही, आणि शक्यतो फेब्रुवारीचा उत्तरार्ध टाळायचा. पावसाळा तर विषयच नाही, तेव्हा लाँचचाच भरवसा नसतो.

चौथा विरोध तिकीट विक्रीचा असेल. सकाळी ध्रुपद ऐकायला सहाशे माणसं येतील? कदाचित येणार नाहीत. चारशे येतील. मग पाच लाँच पुरतील आणि जेवण वेळेवर मिळेल. पन्नास हजारांच्या मैदानी कार्यक्रमाशी बरोबरी करायची असेल तर बेट ही जागाच नव्हे.

आयोजन समितीत संगीताचा, पुरातत्त्वाचा, पोलिसांचा आणि बंदराचा माणूस असतोच. त्यात लाँचवाल्यांच्या संघटनेचा आणि घारापुरी ग्रामपंचायतीचा एकेक माणूस पहिल्या बैठकीपासून हवा, निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर नको. तारीख त्या दोघांनी सुचवावी आणि इतरांनी तिच्यात आपापलं बसवावं. आज नेमकं उलटं होतं.

राहिला कचरा. सोमवारी लेणी बंद असतात, पर्यटक नसतात. रविवारी संध्याकाळी लोक गेले की मंडप सोडायला, वायरी गुंडाळायला, पिशव्या भरायला एक अख्खा दिवस रिकामा मिळतो. असा सोयीचा दिवस मुंबईतल्या कुठल्याही मैदानाला मिळत नाही. सोमवारच्या दोन मालवाहू फेऱ्या आणि सफाईची मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या पानावर धरावी, कलाकारांच्या मानधनाच्या वर. बेटावर आलेली प्रत्येक बाटली बेटाबाहेर गेली की नाही हे ग्रामपंचायतीने तपासून सही केल्याशिवाय मंडपवाल्याचं बिल निघू नये.